'लाँच एड'ला मराठीत काय म्हणावं? अनुदान, उचल की तगाई?

जळगावची मास्तरीण
वाणिज्य शाखेला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवते. युरोपची एअरबस आणि अमेरिकेची बोईंग या विमान कंपन्यांच्या वादावर मुलांसाठी मराठीत टिपण करत होते. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली, ती मुख्यतः 'लाँच एड'वर. नवं विमान घडवायला घेतानाच फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेनच्या सरकारांनी एअरबसला दिलेला पैसा. मी सरळ 'प्रारंभिक अनुदान' लिहिलं. पुढचं वाक्य होतं, 'विमानं विकली जातील तसं कंपनी हे अनुदान फेडते.' वर्गात वाचलं आणि रावेरकडचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, अनुदान फेडायचं असतं का? आमच्या ठिबकचं आलं, ते आम्ही नाही फेडलं."
त्याचं बरोबर होतं, माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे प्रत्येक विमान गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं की ठरलेली रक्कम सरकारला जाते. विमान खपलंच नाही तर उरलेली रक्कम तशीच राहते. म्हणजे धड अनुदान नाही, धड कर्ज नाही. तुमच्याकडे याला काय म्हणतील?

तापीकाठ
उचल. काम सुरू होण्याआधी मिळते आणि कामातून फिटते. सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

नंदुरबारची लेक
दादा, उचल नको. आमच्या भागातून माणसं ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल घेऊन. ऊस कमी निघाला, माणूस आजारी पडला, बैल मेला, तरी उचल अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच मोजायला सुरुवात होते. लहानपणी घरात ऐकलेलं सगळ्यात जड वाक्य होतं, 'अजून फिटली नाही.' एअरबसची ए३८० ची २५१ विमानं झाली, २०२१ च्या डिसेंबरात शेवटचं गेलं, पुढे बंद. जी विमानं झालीच नाहीत त्यांच्या वाट्याचं कोण मागतंय? ज्याची जोखीम देणाऱ्याने घेतली, त्याला उचल म्हणू नका. उचलीत सगळी जोखीम घेणाऱ्याची असते.

तापीकाठ
ताई, मान्य. शब्द मागे घेतो.

शब्दवेडा, धुळे
मूळ चूक 'अनुदान'मध्ये आहे. अनु म्हणजे मागाहून. अनुगमन, अनुवाद, अनुज. अनुदान म्हणजे मागाहून दिलेलं. लाँच एड आधी दिली जाते, तेव्हा ते अनुदान होऊच शकत नाही. 'अग्रदान' म्हणावं, किंवा पूर्ण अर्थ हवा तर 'प्रतिदेय साहाय्य'. इंग्रजी 'सबसिडी' हा शब्द लॅटिन 'सब्सिडियम'वरून आला, म्हणजे मागे बसवून ठेवलेली राखीव फौज. त्यातला 'बसणे' हा धातू आपल्या 'सद्'चा सख्खा नातेवाईक, संसद आणि उपनिषद यांतला. इतकं जवळचं नातं असताना सबसिडी, सबसिडी करत बसण्याची गरज नाही.

केळीवाला, यावल
व्युत्पत्ती मला कळत नाही, पण 'मागाहून' हे शंभर टक्के खरं. ठिबकसाठी महाडीबीटीवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून नळ्या आणि फिल्टर घ्यायचे, बिल चढवायचं, पाहणी व्हायची आणि मग कधीतरी खात्यात. आधी पैसा मिळाला असता तर व्याजाने काढावाच लागला नसता.
आधी मिळतं त्याला आमच्याकडे अग्रिम म्हणतात. पीकविम्याचा २५ टक्के अग्रिम मिळायचा, तेव्हापासून हा शब्द बांधावरची म्हातारी माणसंही बोलतात. 'प्रतिदेय साहाय्य' कोण बोलेल?

शब्दवेडा, धुळे
आज कोणी बोलत नाही हे कारण होत नाही. महापौर तरी कोण बोलत होतं? वापरला की रुळतो.

आबा, पारोळा
मी निवृत्त माणूस, उशिरा वाचतोय. तुम्ही सगळे शोधताय तो शब्द सातबाऱ्यावर पडून आहे. तगाई. आमच्या विहिरीचा जुना उतारा माझ्याकडे आहे, घडीवर फाटलेला. इतर हक्कांत जांभळ्या शाईने 'तगाई बोजा' आणि रक्कम. त्याखाली दुसऱ्या हाताने, वेगळ्या शाईत, 'बोजा कमी'. या दोन ओळींच्या मध्ये वडिलांची कितीतरी वर्षं गेली. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली कायदे केले, विहिरीला, बैलाला, बियाण्याला सरकार पैसा देई, सावकारापेक्षा कमी व्याजाने. साल बुडालं तर तहकुबी मिळे. वडील म्हणायचे, "ती तगाई शे, दान नही. फेडनीच पडी."
जे पीक तगवतं ती तगाई. तगणे या धातूवरून आलेला आपला अस्सल शब्द.

जुनी दप्तरं
आबा, शब्द लाखमोलाचा, पण तगण्याशी त्याचं नातं नाही. मूळ अरबी 'तकावी', बळ देणे. फारसीतून महसुली दप्तरात आला. आपली 'कुवत' त्याच मुळातली.

शब्दवेडा, धुळे
मग तो परकाच. एक परका काढून दुसरा बसवण्यात काय साधलं?

आबा, पारोळा
ज्या शब्दाखाली माझ्या बापाचा अंगठा आहे तो परका नाही. आणि मूळ अरबी असेल, मी नाकारत नाही, पण शेतकऱ्याने ऐकताना त्यात तगणंच ऐकलं. ते खोटं कसं म्हणायचं?

नंदुरबारची लेक
आबांचं पटतं. मला तगाई चालेल.

तापीकाठ
मला अजून शंका आहे. तगाई शेवटी फेडायचीच, तहकुबी म्हणजे नुसती पुढे ढकलणं. पण पिकलं तर घे, नाही पिकलं तर दोघांचंही गेलं, हा बटाईचा व्यवहार झाला. एकाची जमीन, दुसऱ्याचे कष्ट. इथे सरकार निम्मा बटाईदार.

जळगावची मास्तरीण
बटाई खूपच जवळ आहे, कारण बऱ्याच करारांत मुद्दल फिटल्यावरही प्रत्येक विमानामागे सरकारला पैसे मिळत राहतात. ए३२० साठी ब्रिटिश सरकारने १९८४ साली २५ कोटी पौंड दिले होते, ते असेच विमानागणिक परत यायचे होते.
पण तुमचं सगळं वाचताना माझीच मांडणी चुकल्याचं लक्षात आलं. पैसा देणं मुळात गुन्हा नव्हताच. १९९२ च्या अमेरिका-युरोप करारात विकासखर्चाच्या ३३ टक्क्यांपर्यंत अशी मदत चालत होती, १७ वर्षांत फेडायच्या अटीवर. तो करार अमेरिकेने २००४ मध्ये सोडला. मग संघटनेसमोर प्रश्न आला व्याजाचा. एवढ्या जोखमीच्या कामाला बाजारात जे व्याज पडलं असतं आणि जे सरकारने लावलं, त्यांतला फरक म्हणजे सबसिडी. २०२० च्या जुलैत एअरबसने फ्रान्स आणि स्पेनबरोबरच्या ए३५० च्या करारांत व्याज बाजारभावाला नेलं, ते यासाठीच. म्हणजे तो फरक खरंच परत जात नाही. त्याला अनुदान म्हणता येईल, आणि मूळ रकमेला तगाई किंवा बटाई. मी दोन वस्तूंना एक शब्द लावत होते, रावेरच्या मुलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

केळीवाला, यावल
आणि बोईंगला काय मिळत होतं?

जळगावची मास्तरीण
संशोधनासाठी नासाचा आणि संरक्षण खात्याचा पैसा, आणि वॉशिंग्टन राज्याची करातली सूट. ती सूट राज्याने २०२० मध्ये काढून घेतली. सरकारने सोडून दिलेला महसूलही सबसिडीतच मोजतात.

जुनी दप्तरं
म्हणजे 'सूट आणि तहकुबी' ही सारावसुलीची जोडी पूर्ण झाली. सूट बोईंगला, तहकुबी एअरबसला.

जळगावची मास्तरीण
आता दुसरा अडलेला शब्द विचारते. 'काउंटरव्हेलिंग ड्युटी'. समोरच्या मालाला सबसिडी मिळाली असेल तर तेवढ्याच वजनाचा कर त्यावर लावायचा. २०१७ मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डियरच्या सी सिरीज विमानांवर अमेरिकेने असा कर ठरवला. स्वस्तात विकल्याबद्दलचा दुसरा कर धरून जवळजवळ २९२ टक्के. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी तो रद्द ठरवला. त्याच वर्षी ती विमानं एअरबसकडे जाऊन ए२२० झाली. मी 'प्रतिसंतुलक शुल्क' लिहिलंय आणि मलाच ते उच्चारता येत नाही.

तापीकाठ
बदल्याचा कर. चीज, ऑलिव्ह, व्हिस्कीवर २०१९ मध्ये लावला होता तोच ना?

जळगावची मास्तरीण
नाही, ते वेगळं. अमेरिकेला २०१९ मध्ये वर्षाला ७५० कोटी डॉलरपर्यंत आणि युरोपला २०२० मध्ये जवळजवळ ४०० कोटींपर्यंत प्रत्युत्तराचा कर लावायची परवानगी संघटनेकडून मिळाली. तो कोणत्याही मालावर लावता येतो, म्हणून विमानाच्या भांडणात ऑलिव्हवाले सापडले. २०२१ च्या जूनमध्ये दोघांनी तो पाच वर्षांसाठी थांबवला. मी विचारतेय तो कर त्याच सबसिडीवाल्या मालावर बसतो.

आडत दुकान, धरणगाव
पासंग. तराजूची एक बाजू जड असली की हलक्या बाजूला खडा बांधायचा, दांडी सरळ झाली पाहिजे. तुमचं शुल्क तेच करतंय.

शब्दवेडा, धुळे
पासंगही फारसीच. पण अर्थ इतका नेमका आहे की यावेळी मी विरोध करणार नाही.

आबा, पारोळा
पासंग नव्हे भाऊ, धडा. पासंग तराजूतला दोष काढायला. इथे तराजू ठीक आहे, समोरच्या भांड्यात सरकारी पैशाचं वजन लपलंय. भांड्याचं वजन वजा करायला आपण धडा करतो.

आडत दुकान, धरणगाव
आबा, तुमचा मुद्दा खरा आहे. काट्यावर वाढलो, तरी हा फरक निसटला. पण बाजारच एका अंगाला कलला असेल तर पासंगच लागेल ना? विमानं बनवणारे दोनच मोठे आणि दोघांच्याही मागे सरकार, मग सरळ तराजू कुठला धरायचा?

आबा, पारोळा
तरी धडा. समोर माल आहे, तराजू नाही.

आडत दुकान, धरणगाव
वडिलांच्या वेळी तूप घेऊन बाया यायच्या. आधी रिकामी बरणी एका पारड्यात, दुसऱ्यात गोटे, दांडी सरळ झाली की मग तूप. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे. परवा एक आजी आल्या, बरणी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी धडा कर." काट्यावरच्या नव्या मुलाला कळेना. मी त्याला कोपऱ्यातलं बटण दाखवलं, आकडा शून्य झाला. आजींनी वाकून तो शून्य पाहिला आणि मग झाकण उघडलं.