टप्प्याआधी बॉल झेलला तर पॉइंट कुणाचा?

गोदाकाठ (नांदेड): रविवारी टेनिसच्या डबल्समध्ये समोरच्याचा फोरहँड बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, चांगला हातभर बाहेर चालला होता. माझा पार्टनर रेषेच्या मागं उभा होता. "आउट" म्हणत त्यानं बॉल हातात झेलला. समोरचे म्हणायलेत, पॉइंट आमचा. नियम त्यांच्याच बाजूचा आहे. टप्पा पडायच्या आत बॉल तुमच्या अंगाला, कपड्याला लागला की तुमचा पॉइंट गेला, मग तुम्ही कोर्टाच्या बाहेर का उभे असेनात. मी पॉइंट देऊन टाकला, पार्टनर अजून फुगलेला आहे. माझं म्हणणं, सकाळच्या खेळातही हेच चालवा.

बॅकहँडवाला (परभणी): साफ विरोध. आमच्या कोर्टामागची जाळी निम्मी फाटलेली, पलीकडं वेड्या बाभळी. सुटला तो बॉल गेला. मोठ्या स्पर्धेत बॉल आणून द्यायला पोरं असतात, इथं साठीतले मास्तर काट्यात शिरतात. दहा फूट बाहेर चाललेला बॉल झेलला तर कोणतं पाप केलं?

गोदाकाठ: आज दहा फूट, उद्या दोन, परवा चार बोटं. टॉपस्पिन, म्हणजे पुढं फिरवत मारलेला बॉल, शेवटी किती खाली येतो ते तुम्हाला सांगायला नको. वारं असलं तर आणखीच. बॉल कुठं पडला हे टप्प्याशिवाय ठरवायचं कसं?

लातूरचा लेफ्टी: आमच्याकडं कोर्टावर कडुलिंबाची फांदी आलीय. नियमानं ती कायमची वस्तू धरली जाते. टप्प्याआधी बॉल फांदीला लागला तर मारणाऱ्याचा पॉइंट जातो. समोर टप्पा पडून मग लागला तर त्यालाच मिळतो. आम्ही मात्र सरसकट परत खेळतो. फांदी तोडा म्हणणाऱ्यानं मे महिन्यात तिच्याखाली बसू नये, एवढीच अट. खेळायच्या आधी सगळ्यांना ठाऊक असलं की पुस्तकातला नियम वाकवायला हरकत नाही. रविवारी तुमचं आधी काही ठरलं होतं का?

गोदाकाठ: नव्हतं. म्हणून तर पुस्तक.

जालन्याचा ड्रॉपशॉट: पुस्तकच धरायचं तर पूर्ण धरा. २०११ च्या यूएस ओपन फायनलमध्ये सेरेना विल्यम्स फोरहँड मारून "कम ऑन" ओरडली, तेव्हा बॉल अजून खेळात होता. अंपायरनं अडथळा धरून पॉइंट समांथा स्टोसरला दिला. आपल्याकडं बॉल समोर चाललेला असताना "मागं सर, मागं सर" चालूच असतं. तो नियम लावला तर निम्मे डबल्सवाले मुके होतील. सोयीचा तेवढा नियम काढायचा, हे मला पटत नाही.

गोदाकाठ: लावा की. दोन आठवड्यांत सवय मोडेल.

सेलूकर: तुम्ही झेलण्यावर भांडायलेत, खरी गडबड स्वतःच्या बाजूच्या टप्प्यांची आहे. २०२४ ला सिनसिनाटीच्या स्पर्धेत ड्रेपर आणि ओजे-आलियासीम यांच्या मॅच पॉइंटला बॉल ड्रेपरच्या रॅकेटच्या फ्रेमला लागून आधी त्याच्याच कोर्टात आपटला, मग नेटपलीकडं गेला. अंपायर समोर बसलेला, तरी पॉइंट ड्रेपरला आणि मॅच संपली. आपल्याकडं अंपायर कुठला? अंपायर नसताना आपल्या बाजूचा निकाल आपणच द्यायचा, आणि शंका आली तर पॉइंट समोरच्याला, असं नियमच सांगतात. हे किती जण पाळतात? झेलणं निदान सगळ्यांना दिसतं तरी.

बॅकहँडवाला: सेलूकरांशी सहमत. दुसरा टप्पा पडल्यावर उचललेले बॉल मोजायला बसलो तर निम्मे सेट परत खेळावे लागतील. ते चालतं, आणि मास्तरांचं झेलणं तेवढं खुपतं? जाळी शिवून द्या, दुसऱ्या दिवसापासून झेलणं बंद.

लातूरचा लेफ्टी: जाळीची वर्गणी वेगळ्या धाग्यावर मागा.

नवी रॅकेट (बीड): मधेच विचारते. पॉइंट चालू असताना माझी टोपी पडली, समोरच्या काकू थांबल्या आणि पॉइंट मागायला लागल्या. द्यायचा का?

सेलूकर: नाही. पहिल्या वेळी लेट, पॉइंट परत खेळायचा. त्याच मॅचमध्ये पुन्हा पडली तर मात्र द्यावा लागेल. टोपी घट्ट बसवा, नाहीतर व्हायजर (नुसती झापड असलेला पट्टा) घ्या.

गोदाकाठ: बघा, तिथं पुस्तक सगळ्यांना चालतं.

बॅकहँडवाला: टोपी आणायला बाभळीत जावं लागत नाही हो.