गाडी चालू केली की गाणं आपोआप का वाजावं? 'दोन मिनिटांची सेटिंग' म्हणणाऱ्यांना उत्तर

रंकाळावेस
काल इथं एकानं लिहिलं, "गाडीत बसलं की ब्लूटूथवर आपोआप गाणं लागतं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी दोन मिनिटं काढून सेटिंग बघावी. फोनला आणि गाडीला दोष देऊ नये." खाली भराभर अंगठे पडले. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या वैशाखात माझे थोरले चुलते पहाटे दवाखान्यात गेले. पुढं शववाहिका, मागं माझी गाडी, मागच्या सीटवर चुलती आणि तिची बहीण. स्टार्टर मारला, गाडीतल्या म्युझिक डेकवर फोनचं नाव आलं आणि आदल्या दिवशी पुतण्याच्या वरातीला लावलेलं गाणं जिथं थांबलं होतं तिथनंच सुरू झालं. आवाजसुद्धा वरातीचाच. माझा हात थरथरत होता, बटण सापडेना. चार-पाच सेकंद झाले असतील. चुलती काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून खिडकीतनं बाहेर बघत राहिली. रक्षाविसर्जनाला मी फोन घरात ठेवून गेलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जोडणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. फोन गाडीला जोडला जावा, कुणाचा फोन आला तर गाडीत ऐकू यावा, हे मला पाहिजेच. पण मी बटण दाबेपर्यंत गाडी गप्प बसली पाहिजे. ज्याला आपोआप गाणं पाहिजे त्यानं सेटिंग शोधावी. मी का शोधायची?

शाहूपुरीकर
ती कालची पोस्ट माझीच. चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण दुःखाच्या प्रसंगावरून यंत्राचा नियम ठरवता येत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत जा, गाडीच्या नावापुढच्या सेटिंगच्या चाकावर बोट ठेव, 'मीडिया ऑडिओ' बंद कर. 'फोन कॉल' चालू ठेव. झालं. गाडीत कॉल येतील, गाणं येणार नाही. याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

रंकाळावेस
मग पुण्याला जाताना मला गाणं ऐकायचं झालं की? परत तीच यादी, तेच चाक. पेठनाक्यापर्यंत माझ्या लक्षात येणार नाही की आपण बंद ठेवलंय, आणि मग चालत्या गाडीत ते शोधत बसायचं. शिवाय मीडिया बंद केलं की नकाशातली बाई 'डावीकडं वळा' म्हणते ती फोनच्या बारक्या स्पीकरमधनं. हा उपाय नाही. गाणं नको म्हणून वायरच कापून टाकायचा प्रकार आहे हा.

डेकवाला_लक्ष्मीपुरी
बावीस वर्षं गाड्यांना डेक आणि स्पीकर बसवतोय, म्हणून बोलतो. तुम्ही दोघं फोनवर भांडताय आणि चोर दुसरीकडंच आहे.

ब्लूटूथमध्ये कामं वाटलेली असतात. कॉलचं एक, गाण्याच्या आवाजाचं दुसरं (त्याला एटूडीपी म्हणतात) आणि बटणांचं तिसरं, एव्हीआरसीपी. 'वाजव', 'थांबव', 'पुढचं' हे हुकूम त्या तिसऱ्या वाटेनं जातात. गाडी बंद करताना डेक ज्या सोर्सवर (रेडिओ, ब्लूटूथ वगैरे) होता तो त्याच्या लक्षात राहतो. ब्लूटूथवर असेल, तर सकाळी फोन जोडला गेल्या गेल्या बरेच डेक स्वतःहून 'वाजव' असा हुकूम सोडतात. फोन बिचारा ऐकतो. त्याच्या दृष्टीनं मालकानं बटण दाबलेलं असतं. कुणी दाबलं हे त्याला कळायला मार्गच नाही.

म्हणून माझ्या गिऱ्हाइकाला मी एकच सांगतो. गाडी बंद करायच्या आधी सोर्स रेडिओवर टाका आणि रेडिओचा आवाज शून्यावर. पुष्कळ डेकवर काम होतं. काही डेक इतके आगाऊ असतात की फोन दिसला की सोर्सच बदलतात, तिथं हे चालत नाही. अशा डेकच्या मेनूत 'ऑटो प्ले' आहे का बघायचं. नसेल तर नाही.

आणि एक विनंती. कुणीतरी सांगतं म्हणून फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (त्या लपवलेल्या सेटिंगमध्ये) जाऊन एव्हीआरसीपीचं व्हर्जन बदलू नका. महिन्यातनं दोघंतिघं येतात, 'स्टिअरिंगची बटणं चालायची बंद झाली' म्हणून. आणि आपण काय केलं होतं ते सांगत नाहीत.

कळंबा_रोड
माझा आयफोन आहे. शाहूपुरीकर, तुम्ही सांगितलेली 'मीडिया ऑडिओ'ची खूण आयफोनमध्ये नाहीच. आता दोन मिनिटांत काय करू ते सांगा.

माझ्या गाडीच्या डेकनं हुकूम सोडला आणि फोनमध्ये आधीचं काही चालू नसलं, तर लायब्ररीतलं अक्षरक्रमानं पहिलं गाणं लागतं. सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघालं की रोज तेच. वर्षभर. ते गाणं मला एके काळी फार आवडायचं, आता त्याची पहिली दोन कडवी ऐकली की पोटात गोळा येतो. शेवटी फोनमधनं पुसून टाकलं, तर दुसऱ्या दिवसापासून अक्षरक्रमानं त्याच्या पुढचं सुरू झालं.

हा माझा एकटीचा वेडेपणा नाही. २०१७ साली अमेरिकेत एकानं जवळजवळ दहा मिनिटांचं निव्वळ शांततेचं 'गाणं' विकायला ठेवलं, नाव असं की यादीत ते सगळ्यात वर यावं. आयट्यून्सवर लोकांनी ते इतकं विकत घेतलं की खपाच्या यादीत चढलं. लोक पैसे मोजून शांतता विकत घेत होते. एवढ्या माणसांना सेटिंग सापडत नसेल तर चूक माणसांची कशी?

माझ्यापुरता उपाय निघाला तो लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. 'शॉर्टकट्स' ॲपमध्ये ऑटोमेशन, त्यात ब्लूटूथ, त्यात आपली गाडी निवडायची. मग 'लगेच चालव' आणि कृती म्हणून 'पॉझ'. पण त्याच्या आधी तीन सेकंद थांबायची पायरी टाकावी लागते, नाहीतर पॉझ आधी होतो आणि डेकचा हुकूम नंतर येतो. हे माझ्या भाच्यानं दोन संध्याकाळ बसून शोधलं. दोन मिनिटं नव्हे.

कागल_शिफ्ट
सगळे एकाच बाजूनं बोलताय म्हणून लिहितो. मला आपोआप वाजलेलं पाहिजे. मी रोज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो, सकाळी सहाची शिफ्ट. हायवेवर डंपर, उसाच्या ट्रॉल्या, त्यात मध्येच वळवलेला रस्ता. अशा वेळी फोनला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात धरणं कायद्यानंही धोक्याच्या चालवण्यात मोडतं. बसलो, बेल्ट लावला, भजन सुरू. हात स्टिअरिंगवर. तुम्ही म्हणता तसं गप्प राहिलं तर माझ्यासारखी शंभर माणसं चालत्या गाडीत फोन चाचपतील. माझा एक सहकारी असाच फोन बघताना दुभाजकावर चढला. जिवानिशी वाचला, पण पायात सळी आहे.

रंकाळावेस
भाऊ, तुमचा सहकारी वाचला हे बरं झालं. पण बेल्ट लावायच्या आधी स्टिअरिंगवरचं एक बटण दाबायला काय लागतं? फोनला हात लावायचाच नाही. बटण गाडीवरच आहे.

कागल_शिफ्ट
माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला बटणं नाहीत. सगळ्यांकडं टॉप मॉडेल नसतं.

मिरजकर_तिकटी
तुमची गाडीतली चार सेकंदं वाचून मला बोलावंसं वाटलं. अनंत चतुर्दशीला आमच्याकडं कोल्हापुरात येऊन बघा. माझे वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना पेसमेकर आहे. मिरवणूक मिरजकर तिकटीवरनं बिनखांबी गणेश मंदिराकडं सरकते तेव्हा डॉल्बीच्या भिंतीनं खिडकीची तावदानंच नाही, कपाटातली भांडीसुद्धा वाजतात. वडील दोन्ही कानांवर उशा धरून बसतात आणि दर पाच मिनिटांनी विचारतात, "किती मंडळं राहिली?" २००० सालापासून नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या जिन्यात मोबाइलवर मोजलं तर काटा शंभराच्या वर. मोबाइलचं मोजमाप पक्कं नसेल, पण छातीत बसणारे दणके तरी पक्के आहेत. गाडीतलं गाणं तुम्ही बंद करू शकता. आमचं बटण कुणाच्या हातात आहे?

तालीम_कार्यकर्ता
ताई, विषय गाडीचा चाललाय. गणपतीला मध्ये आणू नका. वर्षातनं एक दिवस पोरं नाचतात ते तुमच्या डोळ्यांवर येतं. २०१९ ला पंचगंगा घरात शिरली तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढणारी हीच पोरं होती. २०२१ ला परत तेच. तेव्हा डेसिबल मोजायला कुणी आलं नव्हतं.

मिरजकर_तिकटी
२०१९ ला आमच्या मावशीला तुमच्यासारख्याच पोरांनी शुक्रवार पेठेतनं होडीत घालून काढलं. ते उपकार मी विसरलेले नाही. म्हणून तर पोलिसांत कधी तक्रार केली नाही, इथं बोलतेय. पण पुरात वाचवलेल्या म्हातारीच्या कानाशी डॉल्बी लावायचा हक्क त्यातनं मिळतो का?

तालीम_कार्यकर्ता
हक्काची भाषा तुम्ही करताय. आमच्या आज्ज्यापासून तालमीचं मंडळ आहे. आम्हाला कुणी शिकवू नये.

डेकवाला_लक्ष्मीपुरी
आज्ज्याच्या वेळी डॉल्बी नव्हता भावा. हलगी, घुमकं, कैताळ होतं, लेझीम होती. आमच्या गल्लीत दुखवटा असला की हलगीवाला दारासमोर आला की हात थांबवायचा, वीस पावलं पुढं जाऊन परत सुरू करायचा. मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. त्याला कुणी सांगावं लागायचं नाही, त्याला दारातला मांडव दिसायचा. मी स्वतः स्पीकर विकतो, माझं पोट त्याच्यावर आहे, तरी सांगतो: ट्रॉलीवरच्या त्या भिंतीला दार दिसत नाही.

तालीम_कार्यकर्ता
तुमचं वय बोलतंय. पोरं हलगीवर गोळा होत नाहीत, हे मंडळ चालवून बघा म्हणजे कळेल. वर्गणी कोण देणार? गेल्या वर्षी आम्ही ढोल-ताशा ठेवला तर निम्मी पोरं शेजारच्या मंडळापुढं नाचायला गेली.

कागल_शिफ्ट
धागा कुठनं कुठं गेला. पण आता आलाच आहे तर एक बोलतो. मी मिरवणुकीत नाचणारा माणूस आहे. माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना डॉल्बी घरापुढं आला. तो रडला नाही, नुसता ताठ झाला, डोळे वर केले. त्या दिवसानंतर मी नाचतो, पण ढोलापुढं. तालीमवाल्यांनी याला टीका समजू नये.

रंकाळावेस
विषय बदललाय असं मला वाटत नाही. डेकवाले म्हणाले तेच माझं म्हणणं आहे. हलगीवाला बघायचा. माझ्या डेकनं बघितलं नाही की मागच्या सीटवर कोण बसलंय. ज्याला बघता येत नाही त्यानं विचारल्याशिवाय वाजू नये.

शाहूपुरीकर
थांबा, मला माझ्या मूळ मुद्द्यावर येऊ द्या. काल रात्री बायकोची जुनी गाडी खाली जाऊन बघितली, ती वापरलेलीच घेतली होती. मीडिया ऑडिओ बंद केलं, गाडी बंद करून परत चालू केली, गप्प. म्हटलं जिंकलो. मग डेकमधली जोडलेल्या फोनांची यादी भरली होती म्हणून तिच्या फोनचं नाव त्यातनं काढून तो नव्यानं जोडला, तर मीडिया ऑडिओ परत चालू आणि पुन्हा गाणं. म्हणजे दर वेळी नव्यानं जोडलं की नव्यानं बंद करायचं. हे मला माहीत नव्हतं. दोन मिनिटांचा शब्द मागं घेतो.

पण बाकीचं मागं घेत नाही. गाडी घेताना रंग बघता, सनरूफ बघता, शोरूममध्ये पेढे वाटता, आणि डेक दहा मिनिटं हाताळत नाही. चाचणी घेताना फोन जोडून, बंद करून, परत चालू करून बघा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याच्या गाडीत ती सेटिंग येईल. इथं रडून येणार नाही.

कळंबा_रोड
'रडून' हा शब्द पहिल्या पोस्टच्या खाली वापरायला नको होता तुम्ही.

शाहूपुरीकर
बरोबर. तो शब्दही मागं घेतला. चुलत्यांची माफी मागतो, म्हणजे त्यांच्या घरच्यांची.

डेकवाला_लक्ष्मीपुरी
एक राहिलं. ज्यांच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो आहे त्यांच्यासाठी वेगळी सेटिंग आहे. फोनमध्ये अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये 'संगीत आपोआप सुरू करा' अशी ओळ असते, ती बंद करायची. ही मात्र खरंच दोन मिनिटांची, शाहूपुरीकरांना तेवढं देऊन टाकतो. रंकाळावेस, तुमचा डेक कंपनीचा आहे का बाहेरनं बसवलेला?

रंकाळावेस
बाहेरनं बसवलेला, आधीच्या मालकानं. मेनूत ऑटो प्ले नाही, तीनदा बघितलं. सोर्स रेडिओवर टाकून काल संध्याकाळी आणि आज सकाळी बघितलं, दोन्ही वेळा गप्प राहिला. पण बंद करताना आठवणीनं टाकावं लागतं. आज दुपारी विसरलो.

डेकवाला_लक्ष्मीपुरी
मग रविवारी सकाळी दुकानात या. दुसऱ्या डेकवर तुमचा फोन जोडून बघू. बदलायचाच असं नाही, नुसतं बघू.

तालीम_कार्यकर्ता
मिरजकर तिकटीच्या ताईंना: मंगळवारी रात्री नऊला तालमीत बैठक आहे, यंदाच्या वाद्यांवरच. इथं लिहिण्यापेक्षा पोरांसमोर बोला. कोण उलटं बोलणार नाही ही माझी जबाबदारी. ऐकतील का नाही ते मी सांगत नाही.

मिरजकर_तिकटी
येते. वडिलांना घेऊनच येते. तालीम पहिल्या मजल्यावर असेल तर खुर्चीसकट वर न्यायला दोन पोरं लागतील.

तालीम_कार्यकर्ता
चार देतो.