मदत हवी आहे : काटापावत्यांचे फोटो एम्प्टीडिरमध्ये ठेवावेत की पीव्हीसीवर?

नमस्कार मंडळी,

वाशीच्या बाजार समितीतील काही आडत्यांसाठी आम्ही आवक नोंदणीची एक छोटी प्रणाली चालवतो. गाडी काट्यावरून उतरली की गाळ्यावरचे दिवाणजी पावतीचा फोटो मोबाइलवरून पाठवतात आणि संध्याकाळी त्यावरून हिशेबपट्टीची पीडीएफ निघते. महाप्याच्या कार्यालयात तीन सर्व्हरवर केथ्रीएस (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) आहे. फोटो अखेरीस बाहेरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (इंटरनेटवरून वापरायच्या फाइलसाठ्यावर) जातात.

पोस्टग्रेस हा डेटाबेस पीव्हीसीवर, म्हणजे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) गेला तरी टिकणाऱ्या जागेवर आहे आणि तिथेच राहील. थंबनेल व पीडीएफ केव्हाही पुन्हा तयार करता येतात, म्हणून त्यांना एम्प्टीडिर, म्हणजे पॉडपुरती तात्पुरती जागा, पुरेसे आहे. प्रश्न आहे तो आमच्याकडे आलेल्या, पण अजून पुढे न गेलेल्या फोटोंचा.

हे फोटोही सध्या एम्प्टीडिरमध्येच असतात. कंटेनर कोसळून पुन्हा सुरू झाला तरी त्यातील फाइल शाबूत राहतात, मात्र पॉडच नोडवरून (त्या सर्व्हरवरून) हटला की सगळे पुसले जाते. मागच्या आठवड्यात पहाटेच्या आवकेच्या वेळी कार्यालयातून बाहेर जाणारी जोडणी मंदावली, फोटो साचत गेले, एम्प्टीडिरला घातलेली साइझलिमिटची 2 जीबीची मर्यादा ओलांडली गेली आणि क्यूबलेटने (नोडवर पॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) पॉड काढून टाकला. दिवाणजींच्या मोबाइलवर तोवर फोटो मिळाल्याची हिरवी खूण येऊन गेली होती आणि मूळ पावती घेऊन चालक निघूनही गेला होता. नुसती मर्यादा वाढवणे मला पटत नाही, कारण नोडची डिस्क 5 टक्क्यांहून कमी मोकळी राहिली की पॉड तसेही हटवले जाऊ लागतात.

फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजवर पोहोचल्यावरच हिरवी खूण द्यावी, तर जोडणी मंद असताना काट्यामागे गाड्यांची रांग लागेल. लाँगहॉर्न (डेटाच्या प्रती अनेक नोडवर ठेवणारी स्टोरेज प्रणाली) बसवल्यास प्रती तिन्ही मशीनवर राहतील. परंतु काही मिनिटांच्या फोटोंसाठी प्रत्येक फाइल तीनदा लिहिणे मला जड वाटते.

म्हणून माझा कल स्टेटफुलसेटकडे (प्रत्येक पॉडची ओळख व जागा कायम ठेवणाऱ्या मांडणीकडे) आहे : प्रत्येक पॉडला लोकल-पाथवरची (नोडच्याच डिस्कवरची) स्वतंत्र पीव्हीसी द्यायची आणि डिस्कवर लिहून झाल्यावरच खूण दाखवायची. लोकल-पाथ पॉडला एकाच नोडशी बांधून ठेवतो, त्यामुळे मशीन बंद पडल्यास फोटो उशिरा जातील, पण हरवणार नाहीत. एसएसडीच निकामी होण्याचा धोका आम्ही पत्करू शकतो. मागितलेल्या आकारमानाची मर्यादा लोकल-पाथ पाळत नाही, तेव्हा डिस्कवर लक्ष आम्हालाच ठेवावे लागेल. शिवाय त्याचे रिक्लेम धोरण (पीव्हीसी काढल्यावर डेटाचे काय करायचे ते) मुळात डिलीट असल्याने ते रिटेन, म्हणजे डेटा राखणारे, करणार आहोत.

अशी मांडणी कोणी प्रत्यक्ष चालवत असल्यास एक गोष्ट सांगावी. दुपारी आवक ओसरल्यावर आम्ही पॉड तीनवरून एकावर आणतो. काढलेल्या दोन पॉडच्या पीव्हीसी तशाच राहतात हे ठाऊक आहे. पण त्यांत अडकलेले फोटो पुढे पाठवण्याचे काम प्रीस्टॉप हुकवर (पॉड बंद होण्याआधी चालणाऱ्या आज्ञेवर) सोपवावे, की त्यासाठी वेगळा जॉब (एकदा चालून संपणारे काम) ठेवावा?