गावतलावावर गळ टाकायचा धक्का: 31 लाखांचा अंदाज 18 लाखांत कसा बसवावा?

सुदामानगरचा_गळवाला

मंडळी, मदत हवी आहे. इंदूरहून महूकडे जाताना लागणाऱ्या एका गावतलावावर आमचा दहा-बारा जणांचा गट वर्षानुवर्षं गळ टाकतो. रोहू, कटला, अधूनमधून एखादा मृगळ. ग्रामपंचायतीनं आता सगळ्यांसाठी धक्का बांधायचं ठरवलंय आणि आमच्याकडून सूचना मागितल्यात.

आराखडा असा: काठापासून सरळ 40 मीटर आत, 3 मीटर रुंद, 16 पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब), वर सागवानी फळ्या, टोकाला पत्र्याचं छप्पर. अंदाज 31 लाख, हातात 18. ठेकेदार म्हणतो, लोखंड थोडं कमी करू, रेलिंग हलकं घेऊ, उतार काढून पायऱ्या करू.

मला हे पटत नाही. माझे बाबा 76 वर्षांचे, गुडघे गेलेले. पेंटचा रिकामा डबा उपडा घालून काठावर बसतात. काळी माती ओली असली की डबा हळूहळू रुतत जातो. मग मी त्यांना काखेत धरून उठवतो, डबा उपसतो, पुन्हा बसवतो. एका सकाळी असं चार-पाच वेळा होतं. धक्का अशा माणसांसाठीच तर हवाय! पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही, हे जाणकारांनी सांगा.

पाळीवरचा_बगळा

आधी तलावाचा दर्जा तपासा. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. अशा पाणथळ जागांना 2017 चे नियम लागतात: उच्च पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, अपवाद फक्त होड्यांच्या धक्क्याचा. तुमचा तलाव त्यात बसतो की नाही, हे पंचायतीकडून लेखी घ्या. पाया भरल्यावर काम थांबलं तर सगळेच पैसे पाण्यात.

निवृत्त_उपअभियंता

बांधकाम खात्यात 30 वर्षं काढली, बरीचशी माळव्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोखंडाला हात लावू देऊ नका. खांबाचा जो भाग कधी पाण्यात, कधी उघड्यावर असतो, तो आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 'सिव्हिअर' (कठोर परिस्थितीच्या) वर्गात येतो. म्हणजे किमान एम-30 ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. इथे कंजुषी केली की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे निघतात. गर्दीचा भार चौरस मीटरला 500 किलो धरतात, तोही तसाच राहू द्या.

तुमचा पैसा जातोय लांबीत. 40 गुणिले 3, म्हणजे 120 चौरस मीटर. त्यातल्या पहिल्या वीस-पंचवीस मीटरवर कोण गळ टाकणार? तिथे पाणी गुडघाभर. मासा फिरतो तो उथळ संपून खोल सुरू होतं त्या कडेला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. ती कड काठाच्या जवळ कुठे येते ते शोधा. सुतळीला दगड बांधा, फुटाफुटावर गाठ मारा आणि होडीतून मोजत जा. पूर्वी जिथून मुरूम काढला असेल तिथे खोली लवकर मिळते. पाळीजवळही मिळेल, पण मातीच्या पाळीत खांबासाठी खड्डा कधीच घ्यायचा नाही. पाण्याला झिरपायला वाट मिळते आणि पाळच धोक्यात येते.

समजा कड 14-15 मीटरवर मिळाली. मग धक्का टी आकाराचा करा: 12 मीटर लांब, 1.8 मीटर रुंद वाट आणि टोकाला आडवा 12 बाय 2.4 मीटरचा कट्टा. एकूण जेमतेम 50 चौरस मीटर. कट्टा कडेच्या अलीकडच्या दोन-तीन मीटरांत, उथळात उभा राहील आणि गळ पलीकडे खोलात पडेल. बाहेरच्या बाजूला सहा-सात जण आरामात बसतील.

दुसरी गोष्ट, पाइल. मे महिन्यात तो उथळ भाग कोरडा पडत असेल तर पाइलचं यंत्र आणायचंच कशाला? काळी माती काढून टाका, घट्ट मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खोदा, साधं फुटिंग (खांबाखालचा रुंद काँक्रीटचा पाया) घालून खांब उभे करा. आठ खांब पुरतात. काळ्या मातीवर मात्र काहीही टेकवू नका, ती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. आधी दोन-तीन चाचणी खड्डे घ्या. तीन मीटरच्या आत मुरूम लागला नाही, तर माझा हा सल्ला सोडून द्या आणि पाइलच घ्या.

स्लॅबसाठी जागेवर सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा आणि टेकू) नको. 6 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, 20 सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या फळ्या काठावरच ओता. अशा 14 लागतील. एकेक साधारण 1800 किलोची, हायड्रा (छोटी फिरती क्रेन) उचलून ठेवेल. वरचा पृष्ठभाग ओला असतानाच झाडूनं खरवडून घ्या, पाय घसरत नाही. सागवान गेलं. छप्परही काढा. वारा पत्रा वर ओढतो आणि त्या ओढीसाठी खांब मजबूत करावे लागतात. सावलीला काठावर कडुनिंब लावा.

नवलखा_24

प्लास्टिकचे तरंगते ठोकळे मिळतात, त्यांचा धक्का स्वस्त नाही का पडणार?

निवृत्त_उपअभियंता

पातळी वर-खाली होते तिथे चांगला पर्याय आहे. पण यांचा काठ आटणारा. पाणी ओसरलं की ठोकळे चिखलात वाकडे टेकतील, आणि पाणी उतरेल तसा त्यांच्यापर्यंतचा उतार तीव्र होत जाईल. 76 वर्षांच्या माणसाला त्यावरून चालवू नका.

इंदूरची_सध्या_मिनेसोटात

रेलिंगबद्दल माझी एक सूचना. इथल्या एडीए, म्हणजे अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या कायद्याच्या नियमांत गळाच्या धक्क्यावर किमान 25 टक्के रेलिंग 34 इंचांपेक्षा उंच नसावं असं आहे, म्हणजे व्हीलचेअरवर बसलेल्या माणसालाही गळ धरता येतो. खाली 2 इंचांची कड असते, चाक घसरत नाही. उतार 1 ला 12, त्याहून तीव्र नको. यातलं काहीच महाग नाही, फक्त नकाशात आत्ताच आलं पाहिजे. माझे सासरे इथे शेवटपर्यंत मासे धरायला जाऊ शकले ते अशा एका बुटक्या रेलिंगमुळे.

सुदामानगरचा_गळवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सुतळी घेऊन गेलो होतो. पूर्वेला, मुरूम काढलेल्या बाजूला 14 मीटरपर्यंत तीनच गाठी भिजत होत्या, पुढच्या दोन मीटरांत एकदम नऊ. सरपंचताईंना ही जागा आणि टी आकार दाखवला. चाचणी खड्डे पाणी ओसरल्यावर, फुटिंग आणि खांब मेअखेर, म्हणजे पावसाच्या आधी. ठेकेदार नवा अंदाज देतोय, 18 च्या आत बसेल असं त्याचं तोंडी म्हणणं आहे. आकडा हातात आला की इथे टाकतो.

बुटकं रेलिंग कुठे घ्यायचं, ते बाबांना विचारलं. ते म्हणाले, उजव्या कोपऱ्यात, सकाळी ऊन पाठीवर येतं तिथे.