नागपुरात किटलीच्या भरवशावर : स्वस्त नाश्ता आणि रविवारची रात्र

साताऱ्याचा_पाहुणा

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त नागपुरात आलो आणि बजाजनगरात एक खोली भाड्याने घेतली. खोलीत शेगडी ठेवण्यास घरमालकांची मनाई आहे व फ्रिजही नाही. विजेची किटली तेवढी चालते. दोन वेळच्या जेवणासाठी खानावळ लावली आहे, परंतु तिथे सकाळचा नाश्ता मिळत नाही आणि रविवारी रात्री चूल बंद असते. या दोन्हींसाठी मिळून महिन्याला 1500 रुपयांपेक्षा अधिक खर्च करणे मला शक्य नाही. घरपोच मागवण्याचा प्रयोग एकदाच केला, तेव्हा 90 रुपयांच्या खिचडीचे निरनिराळी शुल्के धरून 160 रुपये झाले. गेल्या आठवड्यात सुपरमार्केटमधून दह्याची मोठी थैली आणली, तर संध्याकाळी परतेपर्यंत ती फुगून टम्म झाली होती. तुम्ही मंडळी काय करता?

महालातला_जुना

सकाळची चिंता या गावात करू नये. तर्री पोहे हा इथला नाश्ता आहे आणि तो स्वस्त असण्यामागे कारण आहे : पोहे एकदाच मोठ्या प्रमाणावर फोडणीला टाकून मंद आचेवर वाफेत ठेवलेले असतात, काळ्या चण्यांचा रस्सा शेजारच्या पातेल्यात तयार असतो, त्यामुळे तुम्ही समोर उभे राहिल्यापासून अर्ध्या मिनिटात प्लेट हातात पडते आणि विक्रेत्याला ना बसायच्या जागेचे भाडे पडते ना वाढप्याचा पगार. आमच्या भागात प्लेट 25-30 रुपयांना मिळते. कस्तुरचंद पार्कजवळच्या टपरीचे नाव तुम्हाला सगळेच सांगतील आणि ते खोटे नाही, पण रोजच्यासाठी आपल्या चौकातला ठेला बरा.

नवख्या माणसाने एक करावे. पळी पातेल्यात बुडण्यापूर्वीच “तर्री कमी, चणा जास्त” असे सांगावे. तर्री म्हणजे वर तरंगणारा तिखट तेलाचा लाल तवंग. पोट भरते ते तळाशी बसलेल्या चण्याने. पळी वरवर फिरली तर तोंड भाजते आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते. खालपर्यंत गेली तर दुपारपर्यंत निभावते. वर कांदा आणि सांबार मागून घ्यावा. (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, तुम्ही इडलीबरोबरचे समजून वाट पाहत बसाल, म्हणून सांगितले.)

सक्करदऱ्याची_ताई

काकांच्या पोह्यांना माझा विरोध नाही, पण रोज तेच खाल्ल्यास जळजळ होते, हे मी स्वानुभवाने सांगते. संध्याकाळी उरलेले आलुबोंडे पुन्हा तळून देणाऱ्या एका ठेल्यावर खाऊन मी दोन दिवस अंथरुणावर होते. तेव्हापासून कढईतले तेल काळपट दिसले किंवा त्यावर फेस धरत असला की मी पुढे निघते. वर्तमानपत्राच्या कागदावर दिलेले गरम पदार्थही घेऊ नयेत. शाईतील रसायने अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असा कागद वापरण्यास मनाई केलेली आहे.

आता दुकानाविषयी. फ्रिज नसेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांना टेकतो तेव्हा, मोठे पाकीट स्वस्त पडत नाही. दही त्या वेळी संपेल एवढेच, लहान डब्यात घ्यावे. पातळ पोहे मात्र किलोने घ्यावेत : वाटीभर पोह्यांवर पाण्याचा हबका मारून दही, मीठ, थोडी साखर आणि दुकानातलेच लोणचे कालवले की आच न लावता जेवण होते. पोहे जाड असतील तर ते आधी भिजवून निथळावे लागतात, एवढा फरक लक्षात ठेवावा. फुटाण्यांच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात आणि बंद डब्यात ते महिनाभर टिकतात. आपल्याकडचे सातूचे पीठ मिळाले तर गुळाच्या पाण्यात कालवून खावे. उन्हाळ्यात त्याच्यासारखा नाश्ता नाही.

कप नूडल्सच्या मोहात पडू नये. पाकिटावर हल्ली प्रति ग्रॅम किंमत छापलेली असते, ती पोह्यांच्या पाकिटाशी ताडून पाहावी, म्हणजे आपण कागदी पेल्याचे पैसे किती देतो हे कळते.

किटलीत अंडी उकडता येतात. अंडी बुडतील एवढे पाणी घालून उकळी आली की किटली आपोआप बंद होते. झाकण न उघडता पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. दूध मात्र तीत कधीही तापवू नये. ते तळाला लागते, उतू जाते आणि घरमालकांना किटलीवरही बंदी घालायला निमित्त मिळते.

पाटवडी_प्रेमी

ताई, रविवारच्या रात्री दहीपोहे खाऊन झोपायचे असेल तर नागपुरात राहायचे कशाला? सावजी म्हटले की बाहेरच्या लोकांना केवळ मटण आठवते, परंतु हलबा कोष्टी विणकरांच्या या स्वयंपाकात डाळकांदा आणि पाटवडी रस्साही आहे, आणि तो मटणाच्या कितीतरी कमी दरात मिळतो. साध्या, बाकड्यांच्या भोजनालयात जाऊन हाफ प्लेट मिळते का हे आधी विचारावे. पाटवडी बेसनाची असल्याने जड असते. एक हाफ आणि दोन ज्वारीच्या भाकरी यांत एका माणसाचे पोट भरते. आमच्याकडे यासाठी 120 रुपयांच्या आसपास लागतात. सावजी मसाल्याची सवय नसेल तर पहिल्या वेळी रस्सा वेगळ्या वाटीत मागावा व भाकरी चुरून बेताने ओतावा.

दहा रुपयांची शिवभोजन थाळी कोणीतरी सुचवील म्हणून आधीच लिहितो : 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेली ती योजना दुपारच्या जेवणासाठी आहे, त्यामुळे तुमची रविवारची रात्र तिने सुटत नाही.

साताऱ्याचा_पाहुणा

सर्वांचे आभार. आकडेमोड केली. आठवड्यातून तीन दिवस पोहे, उरलेले दिवस सातू, फुटाणे किंवा अंडी, आणि चारही रविवारी पाटवडी असे धरले तरी हिशेब 1300 रुपयांच्या आत बसतो. आज सकाळी चौकातल्या ठेल्यावर “चणा जास्त” म्हणून पाहिले. दादांनी माझ्याकडे एकवार पाहिले, पळी तळापर्यंत नेली आणि विचारले, “बाहेरगावचे ना? कोणी शिकवलं?” काका, तुमचे नाव सांगितले नाही.

महालातला_जुना

बरे केलेत. उद्या पळी आपोआप खाली जाईल.