ह्यूमचं हॉक आउल की अंदमान हॉक आउल? टॉर्चमध्ये फरक कसा करायचा?

रातवा_पुणे: जानेवारीत अंदमानात चिडिया टापूला जातोय. या दोन्ही निनॉक्स (हॉक आउलची प्रजाती) घुबडांचे नेटवरचे निम्मे फोटो एकसारखेच दिसतात. दोघांचे डोळे पिवळे, शेपटीवर आडवे पट्टे, चेहऱ्याला पिंगळ्यासारखी तबकडी नाही. मग आकारावरून ठरवायचं का?

खाजण: आकार विसरा. अंदमान हॉक आउल २५ ते २८ सेंमीचं, ह्यूमचं त्याहून किंचित मोठं. उंच फांदीवर, शेजारी दुसरं काही नसताना एवढा फरक डोळ्यांना कळत नाही.

थेट छातीकडे बघा. अंदमान हॉक आउलची छाती फिकी आणि तिच्यावर तांबूस-विटकरी जाड उभ्या रेघा, चेहरा राखाडी. ह्यूमचं गळ्यापासून पोटापर्यंत गडद चॉकलेटी, रेघा जवळजवळ नाहीतच. पांढरट आडवे पट्टे दिसलेच तर खाली, शेपटीच्या मुळाशी.

फोटो फसवतात ते एक्स्पोजरमुळे. काळपट पक्ष्यामागे काळोख असला की कॅमेरा सगळंच उजळवतो, आणि ह्यूमचं घुबड तांबूस होऊन बसतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −१ ठेवा, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा गडद येईल; रॉ फॉरमॅटमध्ये काढा, रंगछटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. पिवळट टॉर्चमध्ये राखाडी चेहराही तपकिरी दिसतो, म्हणून रंगापेक्षा रेघा आहेत की नाहीत यावर भर द्या.

सह्यकडा: माझ्या मते आधी कान, मग टॉर्च. कोकणात ब्राउन हॉक आउल ऐकलं असेल तर अर्धं काम झालंच. ह्यूमचं त्याच घराण्यातलं: दोन सुरांची ‘हू-उप’, दुसरा सूर वर चढणारा, पुन्हा पुन्हा. अंदमान हॉक आउलचा आवाज एकेरी, घोगरा, ‘क्रॉ’ असा. एकदा वेगळा कळला की गल्लत होत नाही. मोबाइलवर का होईना, रेकॉर्ड करा. अंधुक फोटोपेक्षा ते ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) जास्त उपयोगी.

प्लेबॅक, म्हणजे रेकॉर्ड केलेली हाक वाजवून घुबडाला बोलावणं, मात्र नको. हद्दीतलं घुबड आवाज ऐकून पुढे येतं खरं, पण तेवढा वेळ शिकार थांबते, आणि चिडिया टापूला रोज कोणी ना कोणी तेच करायला येतं.

रातवा_पुणे: छान. जुन्या याद्यांत अंदमानला ‘ब्राउन हॉक आउल’ लिहिलेलं सापडतं, ते कोणतं मग?

खाजण: बहुतेक वेळा ह्यूमचंच. पूर्वी ते ब्राउन हॉक आउलची उपजात मानलं जायचं, आता स्वतंत्र जात, निनॉक्स ऑब्स्क्युरा. अंदमान हॉक आउल म्हणजे निनॉक्स अफिनिस. निकोबारची भानगड वेगळी. ग्रेट निकोबारच्या घुबडाला पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी १९७९ मध्ये उपजात म्हणून नाव दिलं, रेक्सपिमेंटी. ती आज ब्राउन हॉक आउलमध्ये धरतात. तिथला फोटो या दोघांत बसवायला जाऊ नका.

सह्यकडा: आणि वेळेचं बघा. घड्याळ आपलंच, पण जानेवारीत तिथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. पुण्याच्या हिशेबाने सातला निघालात तर सुरुवातीची हाकाटी हुकते. साडेचारला जागेवर हवं. रस्त्याकडेच्या दिव्यांवरही नजर ठेवा. अंदमान हॉक आउल पतंग-भुंगेरे धरायला तिथे येतं, टॉर्चची गरजच पडत नाही.