विषय: ओकायामाच्या डोंगरातलं जुनं घर घेऊन गेस्ट हाऊस करावं का?

प्रेषक: कोथरूडकर

नमस्कार मंडळी,

जपान सोडून पुण्यात आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण तिथल्या मराठी मंडळाच्या ई-मेल यादीतून नाव काही काढवलं नाही. दरवर्षी तुमच्या गणपतीचे फोटो बघतो, मोदक कुणाचे फुटलेत ते मोजतो आणि गप्प बसतो. आज पहिल्यांदाच कामासाठी लिहितोय.

ओकायामाच्या उत्तरेला, चुगोकु-कात्सुयामा स्टेशनपासून गाडीने पाऊण तासावर एक घर सापडलं आहे. गावाच्या आकिया बँकेत, म्हणजे रिकाम्या घरांच्या यादीत लागलेलं (फोटोंची लिंक सोबत). शंभरेक वर्षांचं, एकमजली, १४० चौरस मीटर. मूळचं गवती छप्पर पत्र्याने झाकलंय. आत शिरताना मातीची दोमा, मधे इरोरीची चूल, दक्षिणेला लांबलचक एनगावा. आपली पडवी, माजघर आणि ओसरीच की! मधला खांब माझ्या मिठीत मावणार नाही. त्याला ते दाइकोकु-बाशिरा म्हणतात, आणि दाइकोकु म्हणजे मुळात आपला महाकाल. हे कळल्यावर मी तर निम्मा विकलाच गेलो.

किंमत १८ लाख येन. म्हणजे दहा-अकरा लाख रुपये. कोथरूडमध्ये एवढ्यात पार्किंग मिळेल, आणि त्यावरूनही सोसायटीत भांडणं होतील.

बेत असा: चार खोल्या काढायच्या. पुण्यात जपानी शिकणारी एवढी मुलं आहेत, माझी पुतणीच शिकवते. त्यांचे गट तिथे जातील. वर्षातून तीन-चार महिने आम्ही दोघं तिथे राहू, बाकीचे दिवस दाराला आकड्यांची किल्लीपेटी लावून पुण्यातून चालवू. कुणी असं केलंय का? खर्च, परवाने, फजिती, सगळं लिहा.

ता. क. दर रविवारी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जातो. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. हे सगळं त्या बागेमुळे सुचलंय असं सौ.चं ठाम मत आहे.

---

प्रेषक: कावासाकीकर

काका, घ्याच! लिंक पाहिली. एनगावावर बसून कांदाभजी. पहिलं बुकिंग माझं. काही ओझं उचलायचं असेल तर सांगा, बाकी अक्कल माझ्याकडे नाही.

---

प्रेषक: नागानोकर

भावजी,

आम्ही केलंय. आठ वर्षं झाली. म्हणून जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

आधी चांगलं सांगते. घर एकमजली आहे हे तुमचं नशीब. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराचं मोठं काम काढायचं, म्हणजे खांब, तुळया, छप्पर यांतलं एखादं अर्ध्याहून जास्त बदलायचं, तर आधी नकाशे दाखल करून मंजुरी घ्यावी लागते. एकमजली आणि २०० चौरस मीटरच्या आतलं घर त्यातून सुटतं. राहत्या घराचं लॉज करतानाही २०० चौरस मीटरच्या आत वापरबदलाचा अर्ज लागत नाही. अर्ज नाही म्हणून नियमही नाहीत असं मात्र समजू नका. आमच्या यजमानांनी तसं समजून एक भिंत पाडली आणि पुन्हा बांधली.

शंभर वर्षांचं घर म्हणजे खांब दगडांवर नुसते टेकवलेले असणार. भूकंपाचे आजचे नियम आले जून १९८१ मध्ये, त्यामुळे तुमच्या घराचा त्यांच्याशी काही संबंध नाही. घाबरू नका, पण सुतार जुन्या घरांचा जाणकार बघा. आमचे म्हातारे सुतार आले, जोडे काढले आणि पहिल्याच दिवशी तातामी, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटया, उचलून जमिनीखाली शिरले. दीड तास खालीच. बाहेर आले ते वाळवीचा भुगा मुठीत घेऊन. तीन खांबांचे बुंधे कुजले होते. त्यांनी कुजका भाग कापला आणि खाली नवं लाकूड खाचा जुळवून सांधलं. नेत्सुगी म्हणतात त्याला. आता सांधा दाखवला तरच दिसतो. तेव्हा घर बघायला जाल तर छप्पर मागाहून बघा, आधी खाली शिरा.

सगळ्यात जास्त पैसा कुठे गेला सांगू? संडासात. घर आम्हाला २५ लाख येनला पडलं आणि पाहुण्यांसाठी उघडेपर्यंत एकूण दीड कोटीच्या पुढे गेलो. जुन्या घरात खड्ड्याचा संडास असतो, टँकर येऊन उपसून नेतो. गावात ड्रेनेज नसेल तर सांडपाणी शुद्ध करणारी जोकासो नावाची टाकी पुरावी लागते. घरगुती वापराला लहान टाकी चालते. पाहुणे ठेवायचे म्हटलं की माणसांच्या हिशोबाने मोठी. टाकीसाठी गावाकडून अनुदान मिळतं का ते घर घेण्याआधी विचारा, आणि लॉजला मिळतं का हे वेगळं विचारा.

आगीची घंटा प्रत्येक खोलीत. ३०० चौरस मीटरच्या आतल्या जागेला बिनतारी चालतात, एक वाजली की सगळ्या वाजतात, त्यामुळे जुन्या लाकडात वायरी खुपसाव्या लागत नाहीत. वाट दाखवणारे हिरवे दिवे लागतात. पडदे आग न पकडणारे, तसं लेबल असलेले. मी हौसेने येवल्याच्या जुन्या साड्यांचे पडदे शिवले होते. तपासणीला आलेल्या माणसाने त्यांची तोंडभर स्तुती केली आणि उतरवायला लावले.

परवान्याच्या वाटा दोन. एक मिनपाकुची, म्हणजे घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवायची. हा कायदा १५ जून २०१८ पासून लागू झाला. नोंदणी सोपी, पण वर्षात १८० दिवसच पाहुणे ठेवता येतात, आणि मालक तिथे राहत नसेल तर कारभार नोंदणीकृत व्यवस्थापन कंपनीकडे द्यावाच लागतो. दुसरी वाट साध्या लॉजच्या परवान्याची, कानइ शुकुशो. त्याला दिवसांचं बंधन नाही, पण आरोग्य खातं, अग्निशमन, बांधकाम खातं सगळीकडे पायऱ्या झिजवायच्या. त्यातही पाहुण्याला काही झालं तर काही मिनिटांत पोचणारं माणूस हवं. कोथरूडहून तुम्ही किती मिनिटांत पोचाल?

आता जे कुणी सांगत नाही ते. घर रिकामं मिळत नाही. तुमच्या लिंकवरच्या चौथ्या फोटोत कोपऱ्यात काळं कपाट दिसतंय ना, ते बुत्सुदान आहे. त्यांचं देवघर म्हणा, पण आत देवाइतकेच पितर. आमच्या घरातही होतं. आत उदबत्तीची राख, एका आजोबांचा फोटो, आणि वाटीत वाळून दगड झालेला भात. मुलगा ओसाकाला. म्हणाला, तुम्हीच टाकून द्या. मला तीन रात्री झोप नाही. शेवटी शेजारच्या आजींनी देवळातल्या भटजींना बोलावलं. त्यांनी मंत्र म्हणून त्यातला आत्मा काढून घेतला, आपण उत्तरपूजा करून अक्षता टाकतो तसं, आणि मगच कपाट हलवलं. दक्षिणा आम्ही दिली. आजोबांचा फोटो टाकवला नाही, तो माळ्यावर आहे. अजून दिवाळीत मी त्यांच्यापुढे करंजी ठेवते. यजमान हसतात.

आणि घर नक्की कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबा असतात तसे इथेही असतात. १ एप्रिल २०२४ पासून वारसाची नोंद सक्तीची झाली, पण जुनी प्रकरणं अजून निस्तरली जातायत. सोबत शेताचा तुकडा असेल तर तो शेतकी समितीच्या परवानगीशिवाय नावावर होत नाही. २०२३ च्या एप्रिलपर्यंत सर्वसाधारण नियम किमान सव्वा एकराचा होता, ती अट आता गेली.

राहिलं हिवाळ्याचं. पाणी सोडून पाइप रिकामे न करता रात्री झोपलात तर सकाळी फुटलेले. शरद ऋतूत कामेमुशी नावाचे दुर्गंधी किडे फटीफटीतून शेकड्याने आत येतात. जूनच्या पावसात आठ दिवस दारं उघडली नाहीत तर तातामीवर हिरवी बुरशी. गावाची गवतकापणी, पाटाची सफाई, त्याला घरटी एक माणूस. आणि कायरानबान, सूचनांची फाइल, वाचून सही करून पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यायची. तुमच्या दाराला किल्लीपेटी असेल तर फाइल तिथेच अडकते आणि सगळ्या गावाला कळतं कुठे अडकली.

पुण्यातून चालवू, हे वाक्य मी तीनदा वाचलं.

---

प्रेषक: कर्वेनगरकर

काका, वहिनींनी सगळा रस काढून घेतलाय, माझ्याकडे फक्त कागद उरलेत. सीए म्हणून थोडक्यात.

परदेशी माणसाला जपानमध्ये घर घ्यायला बंदी नाही. पण घर घेतल्याने राहायचा हक्क मिळत नाही. तुम्ही पर्यटक म्हणून जाल, एका खेपेला जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्या व्हिसावर धंद्यात राबता येत नाही. धंदा चालवायचा व्हिसा पूर्वी ५० लाख येन भांडवलावर मिळायचा. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ती रक्कम ३ कोटी येन झाली, शिवाय पूर्ण वेळ नोकरीला एक माणूस हवा, तोही जपानी नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी वगैरे. १८ लाखांच्या घरासाठी हे गणित बसत नाही.

पैसे पाठवायचे तर एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा, त्याची तुम्हाला अडचण नाही. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर अडकतो. आणि दरवर्षी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, न चुकता भरायचं. परदेशातलं घर दाखवायचं राहिलं तर दंड १० लाखांचा. म्हणजे अख्ख्या घराएवढा.

---

प्रेषक: कोथरूडकर

वहिनी, सीएसाहेब, आभार. खरं सांगू का, वाचून जरा रागच आला. तुमच्यावर नव्हे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये जपानात ९० लाख घरं रिकामी होती, शंभरातली जवळजवळ चौदा. आणि घ्यायला माणूस आला की ही वरात! व्यवस्थापन कंपनीला द्यावं म्हटलं तर त्या डोंगरात कुठली कंपनी येणार? कात्सुयामाला गाड्यासुद्धा मोजक्याच.

तरी ते घर डोळ्यांपुढून हलत नाही. रात्री तीन वाजता उठून मी पुन्हा फोटो बघितले. वहिनी, बुत्सुदानच आहे ते. मी इतके दिवस कपाट समजत होतो.

---

प्रेषक: कोथरूडकर

नमस्कार. मेल यांच्या खात्यावरून आहे, लिहितेय मी, सौ.

हे तीन वाजता उठतात तेव्हा मीही जागीच असते. वहिनी, तुमचं भटजींचं वाचून मला सदाशिव पेठेतला आमचा वाडा आठवला. तो पाडला तेव्हा देव एका पिशवीतून फ्लॅटवर आले. उत्तरपूजा नाही, काही नाही. बिल्डरची तारीख होती. सागवानी खांब टेम्पोत घालून टिंबर मार्केटला गेले. एका तुळईचा हातभर तुकडा मी मागून घेतला, त्यावर गॅलरीत तुळशीची कुंडी आहे. हे जपानच्या खांबाला मिठी मारायच्या गोष्टी करतात, तेव्हा मला कळतं कुठला खांब ते. यांनीही तो वाडा पाहिलाय, आमचं लग्न तिथेच ठरलं.

तर मी ठरवलंय असं. गेस्ट हाऊस नाही. घर लगेच घ्यायचंही नाही. फेब्रुवारीत बर्फ असताना तीन आठवडे जायचं. त्याच गावात एखादी खोली भाड्याने घ्यायची, गवत नसलं तर बर्फ उपसायला जायचं, फाइल फिरवायला जायचं. शेजारी कोण आहेत ते बघायचं. घर घ्यावंसं वाटलंच तर आपल्या दोघांपुरतं, खड्ड्याच्या संडासासकट. पुतणीची मुलं आली तर पाहुणी म्हणून येतील, पैसे न देता. सीएसाहेब, त्याला परवाना लागत नाही ना?

एकच मदत हवी. जमिनीखाली शिरून खांबांचे बुंधे बघायचेत. यांची कंबर गेलेली आहे, तेव्हा मीच शिरेन. सोबत कुणीतरी हवं.

---

प्रेषक: कर्वेनगरकर

काकू, फुकट पाहुण्यांना परवाना लागत नाही. शेड्यूल एफए मात्र आहेच.

---

प्रेषक: नागानोकर

शिरताना जुना सलवार-कमीज घाला आणि केस बांधा. बुंध्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. बोटभर आत गेला तर लाकूड गेलं. दाइकोकु-बाशिरा आधी बघा, तो धड असेल तर पुढचं बोलू. आणि निघताना शेजाऱ्यांसाठी चितळ्यांची बाकरवडी न्या. पाच-सहा पाकिटं तरी.

---

प्रेषक: कावासाकीकर

काकू, मी येतो. डोक्याला लावायचा दिवा माझ्याकडे एकच आहे, दुसरा घेऊन ठेवतो. तारीख कळवा, सुट्टी टाकायचीय.